अकरा ते एक

डॉक्टर केळुसकरांनी एकाच दुपारी
एकाच पेनाने दोन चिठ्ठ्या लिहिल्या.
बाबांच्या: अकरा ते चार उन्हात जाऊ नये.
आईच्या: अकरा ते एक उन्हात बसावे,
हात-पाय उघडे, वीस मिनिटे, रोज.

देवगड स्टँडसमोरच्या मेडिकलमध्ये मी नोकरीला.
दोन्ही चिठ्ठ्या माझ्याच काउंटरवर आल्या.
त्यांना ट्यूब, एसपीएफ पन्नास.
तिला पुड्या, आठवड्याला एक, दुधातून.
बिलाला माझी सवलत लावली,
पण घरात सूर्य एकच आहे
हे कुठल्या रकान्यात लिहायचं ते कळेना.

बाबांचा खालचा ओठ
सुकवलेल्या बांगड्यासारखा, कडेला चिरलेला,
एक खपली अख्खा पावसाळा भरली नाही.
तुकडा कोल्हापूरला गेला,
बाराव्या दिवशी कागद होऊन आला.
"तसं काही नाही. पण."
पणच्या पुढे डॉक्टर बोललेच नाहीत,
नुसते बघत राहिले बाबांच्या मानेकडे,
जिथे कातडीवर जाळ्याचे आस उमटलेत.

आणि आई उन्हात असते कधी?
सातच्या टेम्पोने जामसंड्याला,
पत्र्याखाली, ट्यूबलाइटच्या उजेडात,
काजूगर सोलत दिवेलागणीपर्यंत.
समुद्र घरापासून दोनशे पावलांवर,
आणि हाडं तळघरात ठेवल्यासारखी.
पायरी उतरताना स्वतःचा गुडघा धरते,
दुसऱ्याचं मूल धरावं तसा.

कॉलेजच्या मुली विचारतात, "ह्याने गोरं होतं ना?"
मी नाही म्हणते. मालक म्हणतात, हो म्हण.
तारकर्लीचा अनिश जोगल पर्यटकांना डायव्हिंगला नेतो,
बोटीवर चढण्याआधी अंगावरची क्रीम पुसायला लावतो.
पोवळी मरतात म्हणे.
"मग माणसांनी काय करायचं?"
"पूर्ण बाह्यांचा शर्ट," तो म्हणतो.
त्याचं स्वतःचं नाक सोललेलं.
मोबाईलमधला एक गृहस्थ सांगतो, क्रीम हेच विष, खोबरेल लावा.
दुसरी सांगते, ढगातही लावा, घरातही लावा.
दोघंही सावलीत बसलेले असतात.

मी हिशेब केला:
दर दोन तासांनी, दोन बोटं भरून,
शिवाय कान, मान, हात.
ट्यूब पाच दिवस. पाचशे नव्वद रुपये.
बाबा तेवढ्याचं डिझेल मोजतात.
"ह्या वयात माका हळद लावतंस गो?"
क्रीम घामाबरोबर डोळ्यांत उतरते, चरचरते.
"जाळां निसटात हातातसून. मगे?"
मग टोपी घाला, रुंद काठाची.
"ती वाऱ्याक घालू?"

रविवारी वारं होतं, होडी वर ओढलेली.
आई लुगडं गुडघ्यापर्यंत घेऊन वाळूत बसली,
तोंड भलतीकडे करून.
पोटऱ्या इतक्या उजळ, जणू तिच्या नव्हेतच.
शेवंतीकाकी जाता जाता थांबली, "काय गो, बरां नाय?"
बाबा होडीच्या सावलीत जाळं शिवत होते.
सावली आत सरकली तसे तेही सरकले,
आणि आई त्यांच्या सुटलेल्या जागेवर आली.
तिथली वाळू अजून गार होती.
वीस मिनिटं झाली, मी सांगितलं.
कुणी उठलं नाही.

मी बाबांच्या कानांना क्रीम लावली, पाळीमागेसुद्धा.
ते गाठी मारत राहिले, कान उसना दिल्यासारखे.
ओठाला मात्र स्वतः लावली,
चव घेतली, थुंकले.

सोमवारी पहाटे तीनला होडी गेली.
परतली तेव्हा ट्यूब इंजिनाच्या पेटीत, पान्यांमध्ये,
मधोमध दाबलेली, झाकण तिरकं.
आणि सुकाणूच्या दांड्यावर
एक पांढरा अंगठा.
पाखराची शीट, आई म्हणाली.
नखाने खरवडून हुंगलं,
आणि मग पदर पुढे नेला होता तो मागे घेतला.